चाळिशीनंतर घरच्या घरी व्यायाम : कुठलं अ‍ॅप वापरता? (माडी, पाऊस आणि गुडघे सांभाळून)

पडवीतली | ११ जून, रात्री ९.४०

मंडळी, वय ४६, मुक्काम गुहागर. उन्हाळाभर पहाटे समुद्रावर चालायला जात होते. पाऊस लागला आणि चालणं बंद. गावात जिम आहे, पण तिथे तीन मशिनं, वीस पोरं आणि भिंतभर आरसा. माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून फोन हातात घेतला. महिन्याभरात चार अ‍ॅपं उतरवली, तीन काढून टाकली. चौथं मंगळवारी सकाळी काढलं, त्याचं कारण सांगते. आमचं घर जुनं, माडी लाकडी, खाली तक्तपोशी. मी वर जम्पिंग जॅक सुरू केले. दहावा झाला असेल-नसेल, खालून सासऱ्यांची हाक आली. त्यांच्या चहात शंभर वर्षांची माती पडली होती. चहा टाकला नाही त्यांनी, गाळून प्यायले, पण मला वर बघून म्हणाले, "घर उभं राहू दे हो."

तर हवं आहे असं: उड्या नकोत. उजवा गुडघा कुरकुरतो. रेंज माडीच्या खिडकीत एक काठी, तीही वीज असेल तर, म्हणजे व्हिडिओ आधी उतरवून ठेवता आला पाहिजे. आणि पैसे मागायचे तर सरळ मागावेत.

मी ऐकलेली नावं: नाइकी ट्रेनिंग क्लब, फिटऑन, डाउन डॉग, कल्ट. कोणी वापरलंय?

तिर्फळ | ११ जून, रात्री ९.५२

सासऱ्यांना झाकणाचा कप द्या. विषय संपला.

कोकणकडा_४९ | ११ जून, रात्री १०.२०

नाइकीचं मी दीड वर्ष वापरते. फुकट आहे. पूर्वी त्यात पैसे भरायचा भाग होता, तो २०२० मध्ये लॉकडाउनच्या वेळी खुला केला. मला त्यातलं आवडतं ते हे की "साहित्य काहीच नाही" आणि "वीस मिनिटं" असं निवडलं की तेवढंच समोर येतं. सगळं इंग्रजीत. पण ती बाई काय बोलते यापेक्षा काय करते हे बघायचं, मग चालतं.

फिटऑनमध्येही बरंच फुकट आहे, पैसे भरणाऱ्यांना जास्तीचं मिळतं. कल्टवर नाचाचे वर्ग छान आहेत, पण तुमच्या तक्तपोशीचा विचार करता नको.

डाउन डॉग योगासनांसाठी. त्यात वेळ आपण ठरवायची, पातळी ठरवायची, वेग ठरवायचा, आणि दर वेळी नवा क्रम बनवून देतं. मला त्याच त्या व्हिडिओचा कंटाळा येतो, त्यामुळे हे बरं पडलं. वर्गणी आहे.

बंदरकाठ | ११ जून, रात्री ११.०५

हर्णैहून लिहितेय. माझी शिफारस अ‍ॅपची नाही, यूट्यूबवरच्या लेस्ली सॅन्सोन बाईंची. 'वॉक ॲट होम' म्हणून शोधा. जागच्या जागी चालायचं, मध्ये गुडघा उचलायचा, बाजूला पाऊल टाकायचं. एक मैल साधारण पंधरा मिनिटांत होतो. उडी एकही नाही. मोहल्ल्यातल्या आम्ही पाचजणी एका घरात जमतो, टीव्हीवर लावतो. दुपारी तीनला, कारण संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो आणि सकाळी कोणाला वेळ आहे? आता तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पुरुष घरी, त्यांना बाहेर काढून दार लावून घ्यावं लागतं.

पडवीतली | ११ जून, रात्री ११.१५

बंदरकाठ, हे माडीवर चालेल असं वाटतंय. उद्याच बघते. पाचजणी म्हणजे भारीच.

हापूसवाला | १२ जून, सकाळी ७.३०

राग मानू नका, पण मला हे सगळं हास्यास्पद वाटतं. आमच्या आजीने कधी अ‍ॅप वापरलं नाही. विहिरीचं पाणी, जातं, शेणसारवण, चुलीला लाकडं. नव्वद वर्षं जगली. तुम्ही मिक्सर, वॉशिंग मशीन सोडा आणि अंगण झाडा. झाला व्यायाम.

तिर्फळ | १२ जून, सकाळी ७.४१

आले. मी पैज लावली होती आठच्या आत येतील म्हणून.

नाचणीची_भाकर | १२ जून, सकाळी ८.१०

हापूसवाले, माझीही आजी तशीच होती. लावणी, कापणी, बोंडू पिळणं, सगळं. साठीला कमरेत वाकली. पुढची आठ वर्षं तिला आभाळ बघायचं तर ओटीच्या खांबाला धरून मान वर करावी लागायची. आम्हाला वाटायचं, काम करून करून वाकली. अडुसष्टाव्या वर्षी न्हाणीत पडली, खुबा मोडला, आणि मग अंथरुणातून उठलीच नाही. तुमची आजी नव्वद जगली याचा आनंद आहे. पण ती शेवटची वीस वर्षं कशी जगली तेही लिहा.

हापूसवाला | १२ जून, सकाळी ८.३५

वाकलेलीच होती. काठी होती. बरं, मी ऐकतोय.

हाडवैद्यीण | १२ जून, दुपारी १.५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. कुडाळला फिजिओथेरपी करते, पंधरा वर्षं झाली.

नाचणीची_भाकर, तुमची आजी बहुधा कामाने वाकली नव्हती. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं झपाट्याने विरळ होतात. मणके पुढच्या बाजूने चेपत जातात, पुष्कळदा फारसं न दुखता. त्याचं नाव ऑस्टिओपोरोसिस. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, तिच्यात टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली आला की तसं निदान करतात. एरवी ते कळतं हाड मोडल्यावर.

घरकाम हा व्यायाम का नाही? कष्ट आहेत, प्रश्नच नाही. पण कळशी चौदाव्या वर्षी जेवढी जड होती तेवढीच चाळिसाव्या वर्षी. शरीराला तिची सवय झालेली. स्नायू आणि हाड वाढायला वजन हळूहळू वाढावं लागतं. शिवाय कळशी नेहमी त्याच कमरेवर. ती दोन हातांत दोन घेऊन ताठ चाललात तर त्यालाच अ‍ॅपवाले 'फार्मर्स कॅरी' म्हणतात आणि वेगळा धडा करून विकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी सरळ आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. बायका पहिला भाग करतात, दुसरा सोडून देतात. बंदरकाठ, तुमच्या पाचजणींनाही हेच सांगेन. चालणं उत्तम, त्यात दोन दिवस रबरी पट्टा किंवा वजन घाला.

आणखी एक. परदेशी अ‍ॅपांत पाळी जाण्याबद्दलचा भाग असतो तो पन्नाशीच्या पुढे, कारण तिकडे ते सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. आपल्याकडे साधारण ४६-४७. म्हणजे पडवीतली, अ‍ॅपने वय विचारलं आणि "चाळीस ते पन्नास" या कप्प्यात तुम्हाला तिशीच्या बाईसारखा व्यायाम दिला, तर चूक तुमच्या गुडघ्याची नाही.

उड्यांचं मूळही सांगते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका क्रीडाशास्त्राच्या मासिकात सात मिनिटांचा व्यायाम छापून आला. बारा प्रकार, प्रत्येकी तीस सेकंद, मध्ये दहा सेकंद विश्रांती. तो इतका गाजला की त्यावर अ‍ॅपांची रीघ लागली. त्यातला पहिलाच प्रकार जम्पिंग जॅक. तुमच्या सासऱ्यांच्या चहातली माती तिथून आली आहे. दुसरा प्रकार मात्र भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं. गुडघ्यात दुखेल इतकं खाली न जाता तो माडीवर खुशाल करा.

हाडं विरळ झाल्याचं आधी कळलं असेल तर पोटाच्या घड्या घालणारे क्रंचेस, वजन घेऊन कमरेत गोल वाकणं, झटक्याने वळणं टाळा. अ‍ॅपला तुमचा डेक्सा माहीत नसतो.

सोलकढी_प्रेमी | १२ जून, दुपारी २.३०

पैशांच्या मुद्द्यावर माझा अनुभव. एका परदेशी अ‍ॅपने, नाव घेत नाही, सात दिवस फुकट दिले. पाचव्या दिवशी मला पटलं की ती बाई माझ्याशी ओरडून बोलते, म्हणून अ‍ॅप काढून टाकलं. आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले गेले. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, कृपया इथेच ठेवा.

कोकणकडा_४९ | १२ जून, दुपारी २.४४

अ‍ॅप काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही हो. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जायचं, तिथून रद्द करायचं. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. मेसेज आला असेल बघा.

सोलकढी_प्रेमी | १२ जून, दुपारी ३.०२

आला होता. मला वाटलं नेहमीप्रमाणे कर्ज देतायत.

मालवणी_आवस | १२ जून, संध्याकाळी ६.१५

बाये, माझी काय कथा सांगू! अ‍ॅपातली बाय म्हणता, शांत जागा शोधा. माझ्या खळ्यात कोंबे आरडतत, झील गाडी धुता आणि सासू वळयेत बसान इचारता, "काय गो, खय दुखता तुका? इतक्या कण्हतंस कित्याक?" मी सांगलंय, व्यायाम करतंय. तर म्हणता, "मगे माका पण शिकव."

नाव_नको | १२ जून, रात्री १०.५०

नवीन आयडी काढून लिहितेय, कारण इथे ओळखीच्या आहेत. उड्या मारताना मला लघवी थेंब थेंब होते. दोन बाळंतपणं, वय ४४. गेल्या वर्षी बायकांच्या झुंबा वर्गात हे झालं आणि मी परत गेलेच नाही. म्हणून अ‍ॅपकडे वळले. अ‍ॅपमध्येही तेच. एखादं असं आहे का की ज्यात हे कोणी गृहीत धरलंय?

नाचणीची_भाकर | १२ जून, रात्री ११.०१

नाव_नको, मलाही होतं. शिंकतानाही. लिहिलंत ते बरं केलंत.

बंदरकाठ | १२ जून, रात्री ११.०४

आमच्या पाचजणींत तिघींना. चालताना होत नाही, म्हणून तर चालतो.

हाडवैद्यीण | १३ जून, सकाळी ६.४०

नाव_नको, हे फार जणींना असतं आणि पुष्कळदा व्यायामाने सुधारतं. "वयाचं आहे" म्हणून सोडायचं नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आहेत. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरतोय अशी आकुंचनाची क्रिया करायची, श्वास न कोंडता, मग पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं निम्मं काम आहे, ते कोणी करत नाही. तीन महिने नेटाने करावं लागतं. प्रत्यक्ष लघवी करताना थांबवून बघण्याचा सराव करू नका. पुष्कळजणी चुकीचे स्नायू आवळतात, म्हणून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातल्या फिजिओकडून तपासून शिका. ते होईपर्यंत अ‍ॅपमध्ये 'लो इम्पॅक्ट' निवडा.

आता सगळ्यांना एक गृहपाठ. अ‍ॅप निवडायच्या आधी हे करा. न हलणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे. अर्ध्या मिनिटात पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. हात टेकले तर शून्य. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा ठोकताळा असा की ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ जमायला हवेत, ७० ते ७४ ला १०. आपण चाळिशीतल्या, तेव्हा बारा म्हणजे अगदीच कमी. आकडे इथे लिहा. गुडघा दुखला तर थांबा.

पडवीतली | १३ जून, सकाळी ८.२०

१३. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठ्या बाईच्या किमान आकड्याला मी एकाने हरवलं. हसू की रडू कळेना.

कोकणकडा_४९ | १३ जून, सकाळी ८.३१

१९. नाइकीला श्रेय.

सोलकढी_प्रेमी | १३ जून, सकाळी ९.१२

११. वर्षाचे पैसे भरून.

हापूसवाला | १३ जून, सकाळी ९.४०

पुरुषांनी करायची का? केली. ५८ वय, १२. खुर्ची सरकली.

तिर्फळ | १३ जून, सकाळी ९.४३

अंगण झाडत जा.

मालवणी_आवस | १३ जून, दुपारी १२.०५

मी १५. सासू ७४ वर्षांची, ९. पण ती म्हणता धा झाले, मी मोजताना झोपलंय. घरात भांडण लागला.

आंबेडाळ | १३ जून, दुपारी ३.२०

थोडं अवांतर. व्यायामासोबत कॅलरी मोजायचं एक अ‍ॅप मी वर्षभर वापरलं. त्यात कुळथाची पिठी शोधली तर पीठ दाखवायचं, आणि सोलकढीऐवजी नारळाच्या दुधाची मिठाई. मी कंटाळून "डाळ" आणि "ताक" लिहायला लागले. वर्षभराच्या नोंदीप्रमाणे मी पंजाबात राहत होते.

नाचणीची_भाकर | १३ जून, दुपारी ३.४५

माझ्या आयडीची लाज राखण्यासाठी सांगते, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि तारल्या काट्यासकट मऊ शिजवून खाल्ल्या तर काट्यातलंही मिळतं. अ‍ॅपला विचारायची गरज नाही.

कोकणकडा_४९ | १३ जून, संध्याकाळी ५.१०

मॅटबद्दल कोणी बोलत नाही. जूनमध्ये मॅट गुंडाळून ठेवली की ऑगस्टमध्ये उलगडल्यावर हिरवी निघते. मी न्हाणीघराबाहेरच्या दांडीवर टाकते, चुलीची ऊब येते तिथे. आणि सारवलेल्या जमिनीवर थेट टाकू नका, खालून ओल धरते.

सोलकढी_प्रेमी | १३ जून, संध्याकाळी ५.३४

सरकारी अ‍ॅपं कोणी वापरली का? आयुष मंत्रालयाचं 'वाय-ब्रेक' २०२१ मध्ये आलं, ऑफिसात बसल्या बसल्या पाच मिनिटं करायचं. त्याच वर्षी २१ जूनला जागतिक आरोग्य संघटनेबरोबरचं 'एमयोगा' पण आलं. फुकट म्हटल्यावर माझं लक्ष आता तिकडेच.

पडवीतली | १३ जून, संध्याकाळी ६.०२

वाय-ब्रेकचा क्रम ऑफिसातल्या एकीने शिकवला आहे. मान आणि खांद्यांना बरं वाटतं. ताकदीचा व्यायाम म्हणाल तर तो नाही. पण साहेबांच्या खोलीसमोर उभं राहून सगळ्याजणी एकदम हात वर करतो तेव्हा ते दार लावून घेतात, हाही फायदाच.

पडवीतली | ९ जुलै, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. चार आठवडे झाले, हिशेब द्यायला हवा.

सोमवार, बुधवार, शुक्रवार बंदरकाठचं चालणं. व्हिडिओ ऑफिसच्या वायफायवर यूट्यूब अ‍ॅपमध्येच उतरवून आणते, त्यामुळे रेंजची कटकट संपली. मंगळवार आणि शनिवार ताकद. नाइकीतले साहित्याशिवायचे वीस मिनिटांचे वर्ग बघून प्रकार वहीत उतरवले, उड्या असतील तिथे भिंतीची खुर्ची घातली, आणि आता वहीवरूनच करते. वजन म्हणून आधी एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या. दोन आठवड्यांनी त्या हलक्या वाटायला लागल्या. मग परसातले दोन असोले नारळ, त्यांची शेंडी बांधून मूठ केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक भरला दीड किलो, दुसरा एक किलो सातशे. हाडवैद्यीणताई, हात दर वेळी बदलते, रागावू नका.

म्हणजे कुठलं अ‍ॅप, या माझ्याच प्रश्नाला उत्तर नाइकी आणि यूट्यूब. पण फोन आता तांदळाच्या डब्याला टेकवून फक्त घड्याळ म्हणून असतो. गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो, चढताना नाही.

खुर्चीचा आकडा: १६.

हाडवैद्यीण | ९ जुलै, रात्री १०.०५

तीन वाढले म्हणजे छान. नारळ सुकला की हलका होतो, महिन्याने पुन्हा वजन करा. नाव_नको, तुमचं कसं चाललंय?

नाव_नको | ९ जुलै, रात्री १०.४०

रत्नागिरीला जाऊन दाखवलं. मी सगळं उलटंच करत होते, खाली जोर देत होते. आता बरोबर जमतंय असं त्या म्हणाल्या. शिंक येते तेव्हा अजून पाय आवळते, पण काल जिना धावत चढले, दूध उतू जात होतं म्हणून, आणि काही झालं नाही. वर गेल्यावर लक्षात आलं.

हापूसवाला | १० जुलै, सकाळी ७.२०

१४. खुर्ची भिंतीला लावली.

मालवणी_आवस | १० जुलै, सकाळी ८.५०

सासूचे ११. ह्या टायमाक शेजारणीक मोजूक बसयलंय, भांडण नको. आता सासू म्हणता, पुढच्या म्हयन्यात तुझे मी मोजतंय.

तिर्फळ | १० जुलै, सकाळी ८.५८

पडवीतली, सासऱ्यांच्या चहाचं काय झालं ते राहिलं.

पडवीतली | १० जुलै, सकाळी ९.१०

ते आता चहा घेऊन पडवीत बसतात. मी उड्या सोडल्या हे त्यांना सांगितलंय, पण विश्वास नाही.